सतरंजीवरून काढलेलं चित्र

विशाखाताई सोनकांबळे आयटीआयला जायच्या तेव्हा जळकोट-उदगीर गाडीचा कंडक्टर त्यांना रोज विचारायचा, "बाई, एवढं मोठं पोळपाट कुणाच्या लग्नाला नेतीस?" काखेत न मावणारा ड्रॉइंग बोर्ड, त्याला सुतळीनं बांधलेली टी-स्क्वेअरची लांब पट्टी, आणि बोर्डाला जागा व्हावी म्हणून गर्दीत एका पायावर उभ्या ह्या. महिनाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाल्या, "तुमच्याच लग्नाला. लाटणं बी आणलंय," आणि टी-स्क्वेअर वर करून दाखवला. अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि त्या दिवसापासून बोर्ड त्याच्या सीटमागं ठेवला जाऊ लागला.

ही १९८२ सालची गोष्ट. आरेखकाच्या, म्हणजे नकाशे काढणाऱ्याच्या, त्या वर्गात एकवीस मुलं होती आणि मुलगी ह्या एकट्याच. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून उदगीरला सव्वीस वर्षं राहते, म्हणून हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कितीतरी वेळा ऐकायला मिळालंय. प्रत्येक वेळी कंडक्टरच्या मिशा थोड्या वाढतात, बाकी गोष्ट तीच.

त्यांना शिकवायला शिवप्पा सर होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलण्यात अर्धं कानडी. मुलीला ते 'तंगी' म्हणायचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. यथार्थदर्शन हा विषय त्यांचा लाडका. वस्तू डोळ्याला जशी दिसते तशी कागदावर आणायची, जवळची मोठी, लांबची बारीक, आणि रुळांसारख्या सरळ जाणाऱ्या रेषा लांब जाऊन एका टिंबात मिळालेल्या. पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना शाळेचा व्हरांडा तीनदा काढायला लावला. एकदा उभं राहून, एकदा बाकावर बसून, एकदा फरशीवर मांडी घालून. ताईंनी तिन्ही चित्रं सारखीच काढली. सरांनी त्यातली दोन फाडली.

"व्हरांडा तर एकच हाय सर," ताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"व्हरांडा एकच, तंगी. बघणारे तीन. आधी डोळा कुठं हाय ते ठरव, मग पेन्सिल उचल."

पुढं ताईंना पाटबंधारेच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथं यथार्थदर्शन कुणाला नको होतं. कालव्याचे नकाशे, बंधाऱ्याचे छेद, ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायचं, मग अमोनियाच्या मशीनवर प्रती काढायच्या. संध्याकाळी घरी आल्या तरी अंगाला तो वास यायचा. पण रविवारी त्यांचा बोर्ड मांडला जायचा. घर बांधू बघणारे लोक यायचे आणि विचारायचे, "ताई, नकाशा काय समजत न्हाई. घर दिसंल कसं तेवढं दावा." ताई टिंबाच्या जागी टाचणी टोचायच्या, तिला दोरा बांधायच्या आणि दोरा ताणून ताणून एकेक रेष ओढायच्या. मला ते बघायला फार आवडायचं. दोरा फिरला की कागदावर भिंत उभी राहायची.

एकदा मोंढ्यातले एक धान्याचे व्यापारी बायकोला घेऊन आले होते. उमादेवी त्यांचं नाव. नवरा माडीची गच्ची कशी दिसेल ते विचारत होता. ताईंनी बाईंना विचारलं, "तुमचा दिवस कुठं जातो?" बाई म्हणाल्या, "चुलीपाशी, अजून कुठं?" ताईंनी चुलीपाशी उभं राहून दिसेल तसं चित्र काढलं. चित्रात समोर नुसती भिंत. उमादेवी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी ह्या भिंतीला तोंड देऊन बसू का?" त्या घराला पूर्वेची खिडकी मिळाली. अजून आहे. येता-जाता ताई मान वर करून ती बघतात.

मग कम्प्युटर आला. ऑफिसात ताईंनी तो शिकून घेतला, साध्या रेषा काढण्यापुरता. घरांची चित्रं मात्र लोक लातूरहून करून आणायला लागले. रंगीत, अंगणात मोटार उभी असलेली, आकाशात ढग असलेली. ताईंकडं येणारी माणसं कमी झाली, मग बंदच झाली. मी हळहळले तर म्हणायच्या, "बरं झालं की. डोळे वाचले." २०२१ ला त्या रिटायर झाल्या आणि बोर्ड पलंगाखाली गेला.

गंमत म्हणजे लातूरला अशी चित्रं करणाऱ्यांत त्यांचा सख्खा भाचाच पुढं होता. रविकांत. भावाचा मुलगा, लहानपणी ताईंच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. ताईंनी त्याला दोरा-टाचणी शिकवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तो दोऱ्याचा पतंग करून पळाला होता. पुढं इंजिनिअर झाला आणि लातूरला ऑफिस टाकलं.

आमच्या वस्तीत नवीन विहार बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा रविकांतनंच करून दिला, दान म्हणून. जुना विहार पत्र्याचा. एका कोपऱ्यात ठेंगण्या टेबलावर दीड फुटाची बुद्धमूर्ती, समोर सतरंजी. पौर्णिमेला आम्ही बायका पुढं बसतो आणि ताईंच्या आई, पार्वतीबाई, सगळ्यांच्या पुढं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. शेतात वाकून वाकून पाठ अशी वळली आहे की मान वर होत नाही. त्यांना भगवंताचं तोंड दिसत नाही, मांडीवर ठेवलेले हात तेवढे दिसतात. त्या हातांकडं बघत त्या त्रिसरण म्हणतात. एकदा मी विचारलं, "आई, तोंड बघावंसं वाटत न्हाई का?" तर म्हणाल्या, "तोंड आठवतंय की. हात रोज नवे दिसतेत."

नव्या विहारासाठी थायलंडहून दानात आलेली साडेचार फुटांची पितळी मूर्ती समितीचे अध्यक्ष किशनराव यांच्या घरी कापडात गुंडाळून ठेवली होती. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला. गुरुवारी मूर्ती बसवायच्या मंचाचं काँक्रीट व्हायचं होतं. त्याआधीच्या रविवारी रविकांत लातूरहून आला आणि पत्र्याच्या विहारात टीव्ही लावून त्यानं सगळ्यांना आतलं चित्र दाखवलं. चित्र कसलं, सिनेमाच. दारातून आत शिरलो, पंख्यांखालून सरकत गेलो, समोर तीन फूट उंच मंच, त्याच्या पुढच्या काठाला ग्रॅनाइटचा दोन फुटी कठडा, आणि मागं कमानीत मूर्ती झळाळलेली. टाळ्या पडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

ताई एकट्या टीव्हीकडं निरखून बघत होत्या. मग म्हणाल्या, "रवी, ह्यात बघणाऱ्याचा डोळा किती फुटांवर धरलास?"

"आत्या, तसं नसतंय ह्यात. कॅमेरा हाय. कुठंबी फिरतो."

"फिरतो खरं. पण आत्ता किती फुटांवर हाय?"

"साडेपाच असंल. सॉफ्टवेअर आपोआप धरतंय."

"म्हणजे उभा माणूस."

"हाव."

"वंदना आपण उभ्यानं करतो का रे?"

लोक हसले. किशनराव म्हणाले, "ताई, पिक्चर बसून बघा न्हाईतर उभ्यानं बघा, टॉकीज तीच हाय." अजून हशा झाला. रविकांतचं तोंड उतरलं. चारचौघांत आत्यानं खोट काढलेली त्याला लागली असावी. तो म्हणाला, "आत्या, तुझ्या वेळी एका चित्राला आठ दिवस लागायचे. आता काळ बदललाय." हसणं थांबलं. ताईंनी आईला हाताला धरून उठवलं आणि घरी गेल्या.

सोमवारी सकाळी मी तुरीची डाळ निवडायला म्हणून त्यांच्याकडं गेले, तर पलंगाखालचा बोर्ड बाहेर आला होता. ताईंनी पार्वतीबाईंना सतरंजीवर बसवलं होतं आणि टेप लावून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं माप घेत होत्या.

"तिरडीचं माप घ्यायलीस काय गं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"गप बस आई. हलू नको. दोन फूट एक इंच."

"एवढीच राहिले का मी? लगीन झालं तवा दाराला डोकं लागायचं."

सोमवारचा दिवस आणि मंगळवारची दुपार ताई त्या कागदावर होत्या. नकाशा त्यांच्याकडं नव्हताच. बांधकामावर जाऊन पावलं मोजून आल्या होत्या, उंच्या टीव्हीवर पाहिलेल्या. टाचणीला दोरा लावला आणि एकेक रेष ओढत गेल्या. मी मधून मधून चहा ठेवत होते. चित्र पुरं होत आलं तेव्हा मलाही काही कळेना. कागदाचा मधला सगळा भाग एका आडव्या, सपाट, काळ्या पट्ट्यानं भरला होता. ताईंनी ते आईपुढं धरलं.

पार्वतीबाईंनी चष्मा पुसला. "ही भिंत कुणाची?"

"भिंत न्हाई आई. नवा मंच हाय. कठडा हाय त्याचा."

"मग भगवान कुठं हायत?"

"मागं."

"मागं बसवलेत? अन् मी कुणाकडं बघायचं?"

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग फोन उचलला आणि रविकांतला म्हणाल्या, "येऊन जा. भांडायला बोलवत न्हाई."

तो संध्याकाळी आला. फुगलेला होता, पण आला. बोर्डासमोर उभं राहून त्यानं आधी चूकच शोधली. "आत्या, खांबांचा शेवटचा गाळा साडेआठ फुटांचा हाय. तू दहाचा काढलास."

ताईंनी वाकून बघितलं. "हाव, चुकलं. ती वीट-माती पडलीय ना तिथं, पावलं नीट पडली न्हाईत. तो रबर दे हिकडं."

"कम्प्युटरवर अशी चूक होत न्हाई."

"हाव की. लाव तुझा कम्प्युटर. डोळा दोन फूट एक इंचावर आण, मंचापासून दहा फुटांवर."

त्यानं लॅपटॉप उघडला. मला वाटतं ताईंना खोटं पाडायलाच उघडला असेल. आकडा घातला. क्षणभरात पडदाभर ग्रॅनाइट. त्यावर, अगदी वर, भगवंतांचे खांदे आणि मस्तक, तेही मान वर करणाऱ्यालाच दिसावं असं. त्यानं मागं सरकून पाहिलं, पंधरा फूट, वीस, अगदी दाराजवळ. तोंड नीट दिसायला लागलं, छाती दिसली. मांडीवरचे हात कुठूनच नाही.

ताई म्हणाल्या, "बघ, माझं दोन दिवसांचं काम ह्यानं दहा सेकंदांत केलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं.

रविकांतनं डोळ्याच्या उंचीचा आकडा परत एकदा तपासला. "हे मला दिसलंच न्हाई," तो म्हणाला.

"तुला कसं दिसंल?" पार्वतीबाई पलंगावरून म्हणाल्या. "तू बसतोस कवा? दारात उभा राहून मोबाइल बघतोस."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी तो त्या घरात तसा हसला असावा. मग सतरंजीवर मांडी घालून बसला आणि आत्याला म्हणाला, "दोरा कसा धरायचा, दाव एकदा." ताई म्हणाल्या, "तो नंतर. परवा काँक्रीट हाय. आधी किशनराव."

किशनराव तसा भला माणूस. मुख्याध्यापक होते, समितीसाठी उन्हातान्हात फिरले आहेत. पण ग्रॅनाइट कापून आलं होतं, सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या आणि विहाराचा मंच उंच असावा ही त्यांची फार दिवसांची हौस होती. बुधवारी सकाळी त्यांनी ताईंचा कागद बघितला, रविकांतचा लॅपटॉप बघितला आणि दोन्ही परत केले.

"कागदावर काहीबी काढता येतं," ते म्हणाले. "कम्प्युटरवर तर त्याहून जास्त. परवा त्याच्यात चांगलं दिसत होतं, आज वाईट दिसतंय. मी कशावर भरोसा ठेवू? अन् भगवान खाली बसवले तर शोभा काय राहिली?"

"बराबर हाय सर," ताई म्हणाल्या. "कशावरच ठेवू नका. बांधकामावर चला."

ताईंनी मिस्त्रींना निरोप धाडलाच होता. गुरुपादप्पा मिस्त्रींनी मूर्तीच्या जागी एक बांबू उभा केला आणि मांडीवरचे हात जिथं येतील तिथं ताईंची लाल दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधली. कठड्याच्या जागी दोन सळया रोवून पाच फुटांवर सूत ताणलं आणि त्यावरून ताडपत्री सोडली. पार्वतीबाईंना आम्ही रिक्षातून आणलं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर त्या बसल्या, विहारात बसतात तशा.

"आई, लाल दस्ती दिसतीय का?"

"कसली दस्ती? ताडपत्री दिसतीय. फाटलीय ती."

किशनराव मागं हात बांधून उभे होते. "मला तर दिसतीय दस्ती," ते म्हणाले.

"तुम्ही उभे हाव सर," ताई म्हणाल्या. "बसा की इथं."

"ताई, माझे गुडघे..."

"बसा हो मास्तर," पार्वतीबाई म्हणाल्या. "माझे काय नवे बसवलेत का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं तिथल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं असेल, की किशनरावांना खाली बसलेलं आम्ही कधी बघितलंच नव्हतं. पौर्णिमेला समितीची माणसं मूर्तीच्या बाजूला खुर्च्या टाकून बसतात, आमच्याकडं तोंड करून. नकाशावर सह्या करणारे सगळे ते. मूर्ती त्यांच्या शेजारी असते, समोर कधीच नसते. ह्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पाहुण्यांना, वडीलधाऱ्यांना खुर्ची द्यायची, ही आपली रीतच आहे.

किशनराव मिस्त्रींच्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसले. पँटला सिमेंट लागलं. समोर बघितलं. मग शेजारी, पार्वतीबाईंच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं आणि स्वतःही थोडे वाकले. आता त्यांना काय दिसत होतं ते विचारायची गरज नव्हती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ती ताडपत्री काढा."

ताडपत्री निघाली. पार्वतीबाईंनी मान तिरकी करून वर न्यायचा प्रयत्न केला. "हाय, काहीतरी लाल हाय. पर लई वर हाय गं. जुन्यात कसं, बसलं की दिसायचं."

"मंच दीड फुटानं खाली घेतला तर?" रविकांतनं मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी दस्ती सोडली आणि बांबूवरून हळूहळू खाली आणायला लागले. ताई आईच्या शेजारी गुडघ्यावर बसून, आईच्या डोळ्याशेजारी आपला डोळा लावून बघत होत्या.

"थांबा," पार्वतीबाई म्हणाल्या. "हितं. हितं बरं हाय."

मिस्त्रींनी टेप लावला. "एक फूट पाच इंच खाली आली."

"दीड फूट," रविकांत म्हणाला. "एक इंच आज्जीसाठी जास्तीचा."

"अन् शोभा?" गुरुपादप्पांनी किशनरावांकडं बघून मिश्किलपणे विचारलं.

"शोभा हितून बघायची असती व्हय," किशनराव म्हणाले. "आता मला उठवा आधी. शोभा बघून उठायला दोन माणसं लागतेत."

गुरुवारचं काँक्रीट पुढच्या सोमवारवर गेलं. फळ्या कापून मंच दीड फुटाचा झाला. मूर्ती काठाकडं पुढं घेतली. कठडा रद्द, त्याचं ग्रॅनाइट दारापाशी पाय धुवायच्या जागेला लावलं. सेंट्रिंगवाला दोन दिवस कुरकुरला, मग विसरला.

त्यानंतर शनिवारी शनिवारी लातूरहून रविकांतच्या ऑफिसातली दामिनी ताईंकडं यायला लागली. कम्प्युटरवर तिचा हात विजेसारखा चालतो. ताई तिला आधी अंगणात तीन ठिकाणी बसवतात, मग टाचणी देतात. तिचं झालं की ती ताईंना माउस धरायला शिकवते. ताईंचं घर पडद्यावर सारखं पालथं होतं. "ह्याला सरळ कर गं, माझी भांडी पडतील," असं त्या ओरडल्या की भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

नव्या विहारात पहिली वंदना झाली ती पौर्णिमा होती. माणसं दारापर्यंत बसली होती. समितीच्या खुर्च्या ह्या वेळी मूर्तीच्या बाजूला नव्हत्या, मागं भिंतीला होत्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी, आणि त्यातल्या एकीवर किशनराव मूर्तीकडं तोंड करून बसले होते. पार्वतीबाई सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मी डोळे मिटले होते. उघडले तर पार्वतीबाई अजून समोरच बघत होत्या, त्यांच्या नेमक्या उंचीवर असलेल्या त्या पितळी हातांकडं.

त्यांनी ताईंना कोपरानं ढोसलं.

"ह्यांची बोटं लई लांब हायत गं."

"हाव आई," ताई म्हणाल्या.